गेरूचा पट्टा

आप्पा, सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही. सोलापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत एक उंदीर आहे. लस टोचून ठरलेले दिवस झाले, तरी त्याच्या रक्तात रोगाला अडवणारी प्रतिपिंडं जवळपास नाहीतच. माझी विद्यार्थिनी खूश. "मॅडम, आपलंच खरं ठरतंय की." कारण या उंदरांच्या पेशींतलं एक प्रथिन आम्ही काढून टाकलंय. पेशीत हुकमाची चिठ्ठी निघते, तिला आरएनए म्हणतात. हे प्रथिन त्या चिठ्ठीला धरून बसतं आणि ती किती वेळ टिकू द्यायची ते ठरवतं. ते नसेल तर प्रतिपिंडं करणाऱ्या पेशी कच्च्याच राहतात, असा आमचा अंदाज. तरी मी विचारलं, "टोचलं होतंस ना नक्की?" ती घुटमळली. "टिक तर आहे वहीत."

तेव्हापासून मी मनानं लहानपणीच्या नातेपुत्याच्या माळावरच आहे. तुम्ही एकेक मेंढी गुडघ्यांत धरताय, डॉक्टर टोचतायत, आणि टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचं काम माझं. तुमची लाडकी कानतुटकी दोनदा निसटली. उन्हानं मी वैतागले होते. तिसऱ्यांदा धरली तशी सुई लागायच्या आधीच मी पट्टा ओढला, आणि ती पुन्हा कळपात घुसली. लाल पाठ बघून तुम्ही पुढची मेंढी ओढलीत. मी गप्प बसले.

पावसाळ्यात ती पोट फुगून मेली. लोकरीत गेरू अजून पुसट दिसत होता. त्यावर हात फिरवत तुम्ही म्हणालात, "टोचूनबी मेली. लसच खोटी हाय." पुढल्या वर्षी डॉक्टरांना मेंढ्यांच्या वाड्याकडं फिरकू दिलं नाहीत, निम्मा कळप साथीत गेला, उरलेला विकून तुम्ही चिंचोळी एमआयडीसीत वॉचमन झालात. पुढं मी संशोधनाला लागले तेव्हा खाटेवरून म्हणायचात, "टोचूनबी जनावर का मरतंय, तेवढं हुडक की गं." मी तुम्हाला तासभर प्रथिनं समजावली. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. तुम्ही गावभर सांगत सुटलात, पोरगी आपल्या कानतुटकीचंच शोधतीय. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुपारी ती मुलगी आपणहून आली. "मॅडम, तो निसटला होता. मी आधीच टिक केली होती." खरं सांगायला तिला जेमतेम तीन तास लागले. मला तिला रागावताच आलं नाही. तो उंदीर मोजणीतून काढला आणि हे लिहायला बसले. तुम्ही गेल्यावर आता हे टाकायचं कुठं, म्हणून वहीतच ठेवतेय.

आप्पा, कानतुटकीला टोचलंच नव्हतं. लस चांगली होती.