इंजिन भट्टी, रेडिएटर कोमट

पांढरकवडा
१४ मे २०२५, बुधवार

अतुलराव यांस,

दीनानाथचा नमस्कार. इकडे सारं ठीक. ऊन म्हणाल तर बोनेटवर पोळी भाजून घ्या. तिकडे मुकुटबनले वावराची मशागत झाली असन. गौरीचे गुडघे कसे आहेत? शोभानं या साली लोणचं थोडं तिखटच घातलं, तिच्या नणंदेले आवडते तसं. आजच्या एसटीनं धाडलेल्या या पुडक्यात बरणी आहे. बरणीखाली कागदात एक वस्तू गुंडाळून ठेवली आहे, ती आत्ता खोलू नका. आधी पत्र पुरं वाचा.

फोन काहून नाही केला म्हणसाल. केलता, दोनदा. तुम्ही हॅलो म्हणलं अन् मी ठेवून देला.

असो. एका गाडीची गोष्ट सांगतो, तुम्हाले आवडन.

परवा सोमवारी गॅरेजात एक स्पोर्ट्स कार आली. दोन सीटची, लालभडक, जमिनीले अशी टेकलेली का आत पाहाले मले गुडघ्यावर बसा लागलं. तीस वर्षं जुनी, परदेशातली. चालवणारी पोरगी निकिता, नागपूरची. वडलांची गाडी घेऊन हैदराबादले चालली होती. म्हणे, "काका, सारखी तापतेय. काटा लालमध्ये गेला की उभी करते, थंड झाली की निघते." दहा दिवसांआधी नागपुरात कोण्या गॅरेजात काम केलं, तेव्हापासून हे दुखणं.

मी पाह्यलं. पाणी पुरं. पंखा फिरून राह्यला. पट्टा ताठ, पंप पाणी फेकून राह्यला, जाळी साफ. तिले कोणीतरी रेडिएटरच बदला म्हणून सांगतलं होतं. मी म्हणलं, थांब बाई, घाई नको. मले तुमचा हात आठवला.

आठवते का? माह्या गॅरेजात तापलेली गाडी आली का तुम्ही पान्याले हातच नाही लावाचे. आधी तळवा. वरची नळी, खालची नळी, मंग रेडिएटर, डोळे मिटून, पोराचा ताप पाहावा तसं. अन् आकडा सांगाचे, "भाऊ, पंच्याण्णव." मी मीटर लावाचो. हरलो का कचोरी माह्याकडून. किती कचोऱ्या खाल्ल्या रे बावा तुम्ही माह्या! मे महिन्यात डोक्यावर ओला दुपट्टा, हात ग्रीसचे, अन् कचोरी कागदानं धरून खाणं. अन् गौरी भावाचा डबा घेऊन येत होती. त्या डब्यात लसणाची चटणी एकाच्याच वाट्याले जास्त असे, हे मले दोन वर्षं समजलं नाही. अन् म्हणे इंजिनातला बारीक आवाज ओळखणारा मी!

मंग तू जवाई झाला अन् माह्या तोंडी अहो-जाहो आलं. आज नाही जमत. रागावू नको, पुढचं तुले तू म्हणूनच लिहितो.

तर मी तुह्यासारखा तळवा लावला. इंजिन भट्टी अन् रेडिएटर कोमट! म्हणजे गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोचूनच नाही राह्यलं. थर्मोस्टॅट वॉलचं घर खोललं. रिकामं. आतली झडपच नाही, वॉल काढून टाकलेला.

आपल्याकडची जुनी खोड. उन्हाचा मुलूख, वॉल पाणी अडवते, काढून फेका. माह्या बापानं मले हेच शिकवलं. बऱ्याच गाड्यांमध्ये खपूनही जाते. पण काही इंजिनांत पाण्याले एक आडवाट असते. गरम झाला का वॉल ती आडवाट बंद करते अन् रेडिएटरचा रस्ता खोलते. वॉलच नाही तर पाणी आडवाटेनं उकळतच परत इंजिनात. मी त्या नागपूरवाल्याले तीन शिव्या हासडल्या. बह्याड कुठला, म्हणलं.

निकिताचं तोंड उतरलं. म्हणे, "गॅरेजच्या मालकांनी तर सांगितलं, त्यांच्या माणसानं पाणी भरताना आतली हवा काढली नाही म्हणून तापतेय. मी त्या माणसाला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले, काका. तो नुसता मान खाली घालून उभा होता." तिनं तिथंच फोन लावला. गॅरेजवाल्याले म्हणे त्याच माणसाला द्या. "दादा, तुमची चूक नव्हती. मी चुकले. माफ करा." दोन मिनिटं लागली. माह्या हातातला पाना हातातच राह्यला.

आता तुले समजलं असन मी कुठं चाललो.

वामनराव वकिलांची गाडी. तू मले म्हणलं होतं, "भाऊ, यातला वॉल नका काढू, याले आडवाट आहे." तू जेवाले गेला अन् मी काढला. करंजी गावाच्या पुढे इंजिन जाम. वामनराव ओरडत आले, रस्त्यावरचे लोक जमले, अन् मी बोट तुह्याकडे केलं. "यानं हवा नाही काढली." गौरी डबा घेऊन उभी होती. तू एवढंच म्हणला, "भाऊ, तुम्ही म्हणता तर असन." दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं मुकुटबनले निघून गेले.

मनात होतं, तुले लिहावं का या लाल गाडीनं मले परवा शिकवलं, तोवर चूक माही होती हे मले मालूमच नव्हतं. पत्र तसंच मांडत आणलं. पण ते खोटं आहे. वामनरावांचं इंजिन मी त्याच हप्त्यात खोललं, तेव्हाच समजलं होतं. लोक म्हणत होते, दीनाभाऊ, नात्यातला माणूस गॅरेजात ठेवूच नये. मले ते ऐकाले गोड लागलं. हे लिहिताना मले माहीच लाज वाटून राह्यली. गौरीनं निरोप धाडला होता, जिथं माह्या नवऱ्यावर आळ आला तिथं मी ओवाळाले येणार नाही. चौदा भाऊबीजा झाल्या, अतुल. मी त्या दिवशी घरी थांबतच नाही, गॅरेज खोलून बसतो.

काल वामनरावांकडे गेलो. ब्याऐंशीचे झाले, कानाले मशीन आहे. दोनदा ओरडून सांगा लागलं, सारी गल्ली ऐकून राह्यली. ते म्हणाले, "अबे, मले कायले सांगतं? माही तर गाडीच गेली. त्याचं नाव गेलं." मंग म्हणाले, "शुक्रवारी येतो. खुर्ची टाकून ठेव."

नवा वॉल शुक्रवारी येते. निकिता तोवर यवतमाळले मैत्रिणीकडे आहे. सकाळी दहा वाजता, त्याच जागी, तेव्हाचे जे लोक आहेत त्यांच्यासमोर मी सांगणार आहे वॉल कोणी काढला ते. तू नाही आला तरी सांगणार. पण आला तर नवा वॉल तू बसव, तळवा लाव अन् आकडा सांग. गौरीले आण. ती येत नसन तर जबरदस्ती करू नको.

आता तो कागद खोल. वामनरावांच्या गाडीचा वॉल आहे. चौदा वर्षं बापाच्या घड्याळापाशी, माह्या कपाटात, कुलपात होता. फेकाचा धीर झाला नाही, अन् दाखवाचाही नाही. गौरीच्या हातात दे. तिनं विचारलं हा कोणी काढला, तर तिले खालची सही दाखव.

वॉल काढणारा,
दीनानाथ