तारा काढायच्या नाहीत

आई,

मला लॅबमध्ये लवकर पोचायचंय आणि तू झोपली आहेस, म्हणून ही चिठ्ठी चहाच्या डब्याला टेकवून ठेवतेय. "या वयात कसल्या दाताला तारा? काढूनच टाका," असं काल तू डॉक्टरांना म्हणालीस. काढायच्या नाहीत.

डॉक्टरांनी काल दाखवलेले तारांभोवतीचे ते पांढरे डाग म्हणजे कीड लागायची सुरुवात आहे. भोक अजून पडलेलं नाही, दात सावरू शकतात. चावताना दुखतं म्हणून तू दुकानात दिवसभर गोड चहाचे घोट घेत बसतेस. दर घोटाला तोंडात आम्ल तयार होतं आणि दातांना उसंत मिळत नाही. चहा जेवणाबरोबरच घे, अधेमधे पाणी पी. जेवणाच्या डब्यात मऊ शिजवलेलं दिलंय. तारेखालून जाणारा छोटा ब्रश पर्समध्ये टाकलाय. जेवल्यावर तो बेसिनपाशी उभी राहून वापर, लपूनछपून नाही. दुकानात आत्या हसलीच तर तिला म्हणावं, कीड वय विचारून लागत नाही.

मला कळायला लागल्यापासून तू तोंडावर हात धरूनच हसतेस. मला तुझं अख्खं हसू बघायचंय. संध्याकाळी टॉर्च घेऊन येते. कुरकुर न करता आ करायचा.

चिमी