आईची शिवी

एकोडी, मंगळवार संध्याकाळ

झाडीपट्टीच्या नाटकांतला आमचा खलनायक गेला. मोबाइलवर वाचलं आणि विचार न करता आईला मोठ्याने सांगून टाकलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप हातातच राहिलं.

दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला दरवर्षी त्याचंच नाटक बघायचो. तो स्टेजवर आला की आई बसल्या जागेवरून ओरडायची, "तुहा मुर्दा निघो!" लोक हसायचे. तो क्षणभर थांबायचा, आमच्या बाजूला बघून मिशीला पीळ द्यायचा, मगच पुढचं वाक्य बोलायचा. मला वाटायचं, तो आईच्या शिवीसाठीच थांबतो. खरंच थांबायचा का? विचारायचं राहिलं. पडद्यामागे जाऊन भेटायची आमची कधी हिंमतच झाली नाही.

आज आई हळूच म्हणाली, "माही शिवी लागली का वो त्याले?"

मी चिडलेच. "काहीबाही बोलू नको. बिमार होता तो." चिडायचं काय कारण होतं? मनात तीच शिवी मीही देत होते की.

आई उठली, न्हाणीत गेली, डोक्यावरून पाणी घेतलं. नात्यातलं माणूस गेल्यावर घेतात तसं.

मी म्हटलं, "आपला कोन लागत होता तो?"

केस पुसत म्हणाली, "इतके वर्स शिव्या देल्या त्याले. परक्याले कोनी देते का?"

हे लिहिताना माझेही केस ओले आहेत.