आई अडकली

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत आणि घर जागेवर आहे. रोज मोबाइलवर चार ओळी खरडणारी ताई एकदम कागद-पेन घेऊन का बसली, असं तुला वाटेल. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू अर्ध्यातच उलटे प्रश्न विचारून मला भंडावून सोडलं असतंस. आणि व्हिडिओवर बोलायचं तर आई शेजारी बसलेली असते, तिला माझे हात वाचता येतात. तेव्हा हे पत्र. एकदा तरी मला मध्ये न तोडता शेवटपर्यंत वाच.

आधी तुझ्या लाडक्या फायबरची हकिगत सांगते. तू तिकडे बसून आमच्यासाठी ते कनेक्शन घेतलंस, तेव्हा आई आठवडाभर हवेत होती. काचेच्या बारीक तारेतून उजेड धावतो आणि त्या उजेडातून तू येतोस, असं मी तिला समजावलं. तिने लगेच त्याची खूण करून टाकली. सुईत दोरा ओवायचा आणि गालावर बोट टेकून तुझी खळी दाखवायची. तुझ्या शाळेत शिकवायचे त्या रीतसर खुणा ती कधी शिकली नाही. तुला ऐकू येत नाही हे कळल्यावर तिने घरात बसून स्वतःची भाषा बनवली, आणि जगात ती फक्त तुला, मला आणि तिला येते. खळी म्हणजे तू. चिमटीत नाक धरलं की मी, कारण लहानपणी मला बारमाही सर्दी. एवढी मोठी झाले, लोकांचे कपडे बेतून-शिवून पोट भरते, पण आईच्या लेखी अजून शेंबडीच आहे.

सुरुवातीला नेट खरंच रडत होतं, त्यात तुझी तक्रार अगदी रास्त होती. जोडणी करायला आलेल्या माणसाने वायर जिथे संपली तिथेच, दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर, रूटरचा डबा ठोकला आणि मोकळा झाला. मी तक्रार केली की तो यायचा, डब्याला खेटून उभा राहायचा, मोबाइलवर वेग मोजायचा आणि मला दाखवायचा. आकडा बघून कुणीही खूश व्हावं. मी त्याला ओढून स्वयंपाकघरात नेलं, जिथे आई तुझ्याशी बोलायला बसते, तर तिथे तोच आकडा पार तळाला. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, मॅडम, लाइन ओके आहे, वायफायचं आम्ही सांगू शकत नाही. म्हणजे नळाला पाणी भरपूर आहे, बादलीत पडत नाही हा तुमचा प्रश्न. कंपनीत फोन करकरून मी हात टेकले.

ऐकू येणाऱ्यांचं बरं असतं. चित्र थांबलं तरी आवाज पुढे चालतो, गप्पा होतात. आपल्याकडे हात थांबले की बोलणंच थांबतं, हे त्या माणसाला कसं सांगायचं? तुझा चेहरा चौकोनांत फुटायचा, बोटं हवेत विरघळायची, आणि आई पडद्याला नाक लावून बसायची. शेवटी मीच मोबाइल घेऊन घरभर फिरले. शेजारच्या काकू दारातून बघत होत्या, त्यांना वाटलं माझं काहीतरी हरवलंय. तेव्हा कळलं, की डबा आणि आईची खुर्ची यांच्या मधोमध आपली ती जाड भिंत आणि तिला चिकटून फ्रिज. मी एका वायरमनला बोलावून लांब वायर टाकून घेतली आणि डबा उंच, पॅसेजमधल्या भिंतीवर नेऊन बसवला. त्या दिवसापासून नेट न्हाणीघरातसुद्धा पळतंय.

आता तू भुवया उंचावशील, कारण ही गोष्ट हिवाळ्यातली आहे. तेव्हापासून एकदाही नेट अडकलेलं नाही. तरी तू अजून दर रविवारी लिहितोस, आई अडकली, रूटर बंद करून चालू कर. आणि मी मुकाट्याने उठते, पॅसेजमध्ये जाते, ठणठणीत चालणारा डबा बंद करते आणि पुन्हा चालू करते.

आई अडकते ती नेटमुळे नाही रे. तिचे हातच हळू झालेत.

आधी ब्लाउजची बटणं लावायला वेळ लागू लागला. मग भाजी चिरायला. मी चेष्टा करायचे, म्हातारे, आळशी झालीस. ती मला मारायला हात उगारायची, तर तो हातही सावकाश यायचा. तेव्हा मात्र मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कंपवात सांगितला. तिचे हात फारसे कापत नाहीत, आखडतात. उचललेला हात मध्येच थांबतो. चेहराही हवा तसा हलत नाही. औषध चालू आहे, थोडा उतार आहे, पण हे दुखणं पाठ सोडणारं नाही. तू पहिल्यांदा त्या अडकण्यावरून नेटला शिव्या घातल्यास, तेव्हा तिने माझ्याकडे बघून मिश्कील हसायला सुरुवात केली. सुरुवात म्हणते, कारण तिचं हसू चेहऱ्यावर पोचायला आता वेळ लागतो. मग तिने मला शपथ घातली, तुला कळवायचं नाही. तुझी नोकरी अजून पक्की व्हायची आहे, तू सगळं टाकून धावत येशील, म्हणून बिचाऱ्या नेटलाच शिव्या खाऊ देत.

मी शपथ पाळली, पण दर वेळी माझा जीव टांगणीला लागायचा. तिच्या मागचा खिडकीचा पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलत असतो. तू दातांच्या कवळ्या घडवणारा माणूस, केसाएवढा उंचवटा तुझ्या बोटाला कळतो. मागे पडदा हलतोय आणि पुढे आई थांबली आहे, हे आज तुला दिसेल, उद्या दिसेल, असं मला वाटायचं. तुला दिसलं नाही. कदाचित दिसलं असेल आणि बघवलं नसेल. मला त्याचा राग नाही, वाईट मात्र वाटलं.

आता हे सगळं आजच का लिहिते आहे, ते सांगते. लपवून लपवून थकली, म्हणून मागच्या रविवारी ती तुला स्वतःच सांगणार होती. आदल्या दिवशी तिने आरशासमोर बसून सराव केला. आजाराची खूणही नवी शोधली, डाव्या हाताने आपलंच उजवं मनगट धरून ठेवायचं. तू आलास, तिने हात उचलले, आणि ते मध्येच थांबले. लगेच तुझा निरोप, आई अडकली. मी सवयीने उठून पॅसेजमध्ये गेले, याचा मला अजून संताप येतो. परत आले तर तिचे दोन्ही हात मांडीवर. चित्र आलं, तू दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतो म्हणालास, हात हलवलास आणि गेलास. मग ती मला एवढंच म्हणाली, राहू दे. तिने तुझ्याशी बोलणं सोडून दिलं तर मला सहन होणार नाही, धाकट्या. म्हणून शपथ मोडली. तू कनेक्शन बदलू नकोस. रजा मिळेल तेव्हा ये, पण त्याआधी येत्या रविवारी मन घट्ट करून बस. मी तुला कळवलंय हे तिला माहीत नाही, तेव्हा तिचं तिला सांगू दे. ती हात उचलेल आणि थांबेल. त्या वेळी काही लिहू नकोस, काही दाबू नकोस, नजर हलवू नकोस. ती वाक्य पुरं करते. मी रोज समोर बसून बघते, वेळ लागतो, पण पुरं करते.

तुझीच,
शेंबडी ताई