आत्याचं गाडीतलं लाटणं

प्रिय आत्या,

जिंकले गं मी! आधी एवढंच लिहिते, बाकीचं मागाहून. व्हॅन आपल्या चिक्कडपल्लीच्या गल्लीत उभी आहे, मागे रिकामी पातेली आहेत आणि मी तुझ्या सीटवर बसलेय. बाबा वरून चहासाठी हाका मारून दमले. पण तुला सांगितल्याशिवाय चहाचा घोट माझ्या घशाखाली उतरायचा नाही. तू गेल्यावर पत्र वगैरे लिहावंसं कधी वाटलं नाही, रडायचं तेवढं रडून घेतलं. आज मात्र मला बढाई मारायचीय आणि माझी बढाई शेवटपर्यंत ऐकून घेणारी तू एकटीच होतीस. माझं मराठी इंग्रजी शाळेतलं आहे, तेव्हा चुका काढू नकोस.

तर तुझ्या गाडीबाई दिवाळीनंतर कण्हायला लागल्या. आधी बारीक, मग चांगलंच घर्रर्र घर्रर्र, रिकामं जातं फिरवावं तसं. वेग वाढला की आवाज वाढायचा. पायाखालची फळी थरथरायची. मी रेडिओ मोठा करून बघितला, तू काय म्हणाली असतीस ते माहीत असूनही!

शेवटी अंबरपेठेत युसुफभाईंकडे नेली. तुझ्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला तो पहिल्यांदाच. एक चक्कर मारून आले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "गिअरबॉक्स गया, बेटा. इत्ती पुरानी गाडी कू अब कित्ता करते? खालाजान थे तो अलग बात थी. बेच डालो."

खालाजान म्हणजे तू. किती प्रेमाने म्हणाले! पण 'बेच डालो'च म्हणाले ना?

आणि बाबांना तेवढंच हवं होतं. रागावू नकोस त्यांच्यावर, तुझा धाकटा भाऊ पहिल्यापासून भित्राच. तू गेल्यापासून त्यांचं एकच टुमणं, वैशे, ही स्वयंपाकाची कामं सोड, अक्काला जमलं ते तुला जमायचं नाही. गिअरबॉक्सचं कानावर पडताच त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला. रविवारी देशमुखांच्या साठीशांतीचं जेवण पोचवायचं आणि सोमवारी गाडी जायची. गाडी गेली की तुझं केटरिंगही गेलंच. दर वेळी भाड्याचा टेम्पो करून पुरणपोळ्या पोचवायला आपण काय कारखानदार आहोत? मी भांडले, जेवले नाही, दार आपटलं. काही उपयोग झाला नाही. "मेकॅनिकपेक्षा तुला जास्त कळतं का?" असं त्यांनी विचारलं.

उत्तर सीटखाली होतं, आत्या.

भंगारात द्यायच्या आधी तुझं सामान काढून घ्यावं म्हणून मी सीट उचलली. पान्हे, तुझा तो भोकं पडलेला टॉवेल, आणि लाटणं! एक टोक काळं कुळकुळीत, दुसरं गुळगुळीत. मी ते उचलून घेतलं. लहानपणी मी तुला गाडीखाली झोपलेली बघायची, लाटण्याचं एक टोक कुठल्या तरी लोखंडाला आणि दुसरं कानाच्या पुढच्या हाडाला लावलेलं. "आत्या, गाडीला पोळ्या लाटतेस?" असं विचारलं होतं मी. तू हसली नाहीस. म्हणालीस, "पुरण बुडाला लागायला आलं की उलथन्याचा आवाज बदलतो की नाही? तसंच हे. आवाज कशाबरोबर वाढतो ते आधी बघायचं, मग कान लावायचा."

कशाबरोबर वाढतो! युसुफभाईंनी ते बघितलं नव्हतं. मी तरी कुठे बघितलं होतं?

लाटणं मांडीवर घेऊन तशीच निघाले. आधी गाडी उभी ठेवून इंजिन रेझ केलं. आवाज नाही. मग मोकळ्या रस्त्यावर काढली. घर्रर्र सुरू झालं. क्लच दाबला, तसंच. गिअर बदलला, तसंच. उतारावर गिअर काढून नुसती सोडली, इंजिन गपगार आणि घर्रर्र मात्र जसंच्या तसं! म्हणजे ते इंजिनाबरोबर नव्हतं, चाकांबरोबर होतं. मग डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. चाकाचं बेअरिंग असतं तर एका बाजूला वळताना ओरडलं असतं. काही फरक नाही. मागून एक रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम, रोड पे कायकू झूलरे?" मी त्याला हात केला. इतकी खूश होते मी!

पुढचं नाही, चाकांचंही नाही, मग राहिलं काय? गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा तो लांब दांडा. तो मधोमध एका बेअरिंगमध्ये लटकलेला असतो, हे तूच दाखवलं होतंस.

शनिवारी सकाळी युसुफभाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. हातातलं लाटणं बघून ते म्हणाले, "रोटी का होटल नै है ये, बेटा." मग त्यांनी ते ओळखलं असावं. हातातला पान्हा खाली ठेवला. मी म्हटलं, मागची चाकं उचला, इंजिन बंद ठेवा आणि चाक हाताने फिरवा, एवढंच करा माझ्यासाठी. "हौ, देख लेंगे," म्हणाले आणि स्वतः चाकापाशी बसले.

मी खाली सरकले. ड्रेस गेला कामातून, जाऊ दे. लाटणं आधी गिअरबॉक्सला लावलं. शांत. मग मागच्या दोन चाकांच्या मधे असतो त्या लोखंडी गोळ्याला लावलं. शांत, नुसती हलकी सुरसुर. मग मधल्या बेअरिंगच्या पट्टीला लावलं आणि युसुफभाईंनी चाक फिरवलं, तर काय सांगू! वाळू चावल्यासारखा आवाज माझ्या जबड्यातून डोक्यात गेला. मी खालून ओरडले, "मिल गया!" आणि डोकं आपटून घेतलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. ते बेअरिंग इतकं सडलं कशानं? टॉर्च धरून बघितलं तर वरच्या पत्र्यातून एक पिवळा ओघळ थेट त्याच्यावर उतरला होता. पिवळा, आत्या! हळदीचा! आपल्या आमटीचा!

मागच्या सीटा काढून तू पातेल्यांना जागा केली होतीस ना, त्या सीटांच्या बोल्टची भोकं रबरी मॅटखाली तशीच उघडी होती. तू कुणाला गाडीत पाणी ओतू द्यायची नाहीस. "पुसायचं, ओतायचं नाही!" किती ओरडायचीस! शांताबाई तुझ्या हाताखाली इतकी वर्षं पोळ्या करायच्या, तरी त्यांनाही बोलणी बसायची. आम्ही मागे म्हणायचो, पाण्याचा कंजूसपणा बघा बाईंचा. तू गेल्यावर शांताबाईंनी मन लावून स्वच्छता सुरू केली. प्रत्येक ऑर्डरनंतर बादल्यांवर बादल्या, वर साबण. "बाई असत्या तर खूश झाल्या असत्या," असंही म्हणायच्या. आणि ते सगळं हळदीचं, साबणाचं पाणी तुझ्या भोकांतून त्या बेअरिंगवर. ग्रीस कधीच धुऊन गेलं होतं.

एक विचारू? कारण का नाही सांगितलंस गं कधी? नुसतं ओरडलीस! एकदा मॅट उचलून दाखवलं असतंस तर बिचाऱ्या शांताबाईंनी एक थेंब सांडला नसता. काल त्यांना सांगितलं तर पदर तोंडाला लावून बसल्या. मी त्यांना जवळ घेतलं आणि म्हटलं, तुम्ही नाही हो, आत्याच चुकली. चुकलीसच तू. मला तुझा राग आला आणि तुझी इतकी आठवण आली की तिथेच मॅटवर बसून रडले.

युसुफभाईंनी संध्याकाळच्या आत बेअरिंग बदललं, भोकांना रबरी बुचं मारली. हात पुसत म्हणाले, "मैं तो मिडल में आवाज सुना और गिअरबॉक्स बोल दिया. जल्दी कर दिया मैं." आणि लाटणं माझ्या हातात देताना, "खालाजान के कान तुमकू मिले."

आज सकाळी पातेली भरली आणि बाबांना म्हटलं, पुढे बसा. नको नको म्हणत बसले, दाराची कडी घट्ट धरून. सुलतान बाजाराच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी जाते, तिथे काही कळेना. बाजार संपला, रस्ता मोकळा झाला, मी दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला, आणि काहीच नाही! नुसती मागची झाकणं एकमेकांवर किणकिणत होती. किती महिन्यांनी ऐकली मी ती! मी बाबांकडे बघितलं. त्यांनी कडी सोडली होती. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अक्का चालवायची तेव्हा असाच आवाज यायचा." मग खिशातून फोन काढून त्यांनी भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मी काहीच म्हटलं नव्हतं, आत्या! शपथ!

देशमुखांकडे पुरणपोळी कमी पडली. माणसं मागून मागून खात होती.

तर आता तुला एक वचन देते. तुझी गाडी चालेल, तुझं लाटणं सीटखालीच राहील आणि गाडीत एक तांब्याही ओतला जाणार नाही. ओरडेन मीही, तुझीच भाची आहे. पण मी आधी मॅट उचलून भोकं दाखवेन, मग ओरडेन.

बाबा आता स्वतःच चहाचा कप घेऊन खाली आलेत, तुझ्या सीटच्या खिडकीशी उभे आहेत. उतरते.

तुझी,
गाडीला पोळ्या लाटणारी
वैशी