सुरीमाशाला सोबत

सांगली, मंगळवार, भाद्रपद, सन १९४६

लढाईवरनं आल्यापास्नं हे माझ्याशी धड बोलत न्हाईत. काचेच्या पेटीत पाळलेल्या त्या सुरीसारख्या चपट्या माशापुढं बसायचं, बास. तो बी खापराआड लपलेला. मला लय राग आला. त्याला सोबत म्हणून सकाळी धा बारकं मासं सोडलं. सांजंला बघते तर एकबी न्हाई, आन् हा पोट फुगवून खापराआड!

हे ओरडले, "आगं, त्याच्या तोंडात मावतील असलं मासं सोडतीस व्हय? अक्कल कुठं ठेवलीस? त्याच्याएवढं, गरीब मासं लागतं!"

"आवं, मग आदी बोलायचं की!"

परत पेटीपुढं जाऊन बसले. पण सा महिन्यांत एवढं लांब पहिल्यांदाच बोलले. माझं चुकलं का बरं झालं? उद्या घाटावरनं मोठा मासा आणू, का परत बारकंच सोडू?