पंचांचा हात वर गेल्यावर

सर, आपल्याला जाऊन बरीच वर्षे झाली. तरीही बेसबॉलचा जो नियम आपण शिकवूनही मला उमगला नव्हता, तो आता उमगला, हे आपल्यालाच कळवावेसे वाटते. आर्णीच्या शाळेचे मैदान, समोर वणीचा संघ. आमचा एक जण बाद झालेला. मी दुसऱ्या बेसवर, आणखी एक जण पहिल्या बेसवर. आमच्या फलंदाजाचा चेंडू बेसांच्या जवळच सरळ उंच उडतो, पंच हात वर करून ‘इनफिल्ड फ्लाय’ असे ओरडतात, आणि वणीच्या खेळाडूच्या हातून तो सोपा झेल सुटतो. चेंडू मातीत पडलेला पाहून मी धावत सुटतो आणि तिसऱ्या बेसच्या चार पावले अलीकडे बाद होतो.

“काहून पळाला बे?” आपण सर्वांदेखत विचारलेत.

“झेल सुटला होता, सर.”

“सुटू दे ना! हात वर गेला का फलंदाज गेला. झेल घेतला काय, सोडला काय! तुले कोनी पळ म्हटलं? थो नियम तुह्यासाठीच हाय लेका, तू बेसवर थांबावं म्हनून.”

क्षेत्ररक्षकाने मुद्दाम झेल सोडून बेसवरच्या धावपटूंना पळायला भाग पाडू नये आणि बाद करू नये, यासाठी फलंदाज बाद असल्याचे आधीच जाहीर होते, हे मी त्या दिवशी पाठ केले. पाठ केले, एवढेच.

गेल्या वर्षी यवतमाळच्या डॉक्टरांनी माझ्या पत्नीविषयी स्पष्ट सांगितले, “आता घरी न्या. जवळ बसा.” मी तिला घरी आणले. आठवड्याने एका तपासणीचा आकडा किंचित सुधारला आणि मी तिला गाडीत घालून नागपूरला निघालो. निर्णय बदललेला नव्हता, सर. मला केवळ चेंडू जमिनीवर दिसला होता. तिचे उरलेले दिवस अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे गेले. मला सायंकाळी काही मिनिटे आत सोडत. तिथेच ती गेली.

हे पत्र कोठे पाठवायचे नाही, म्हणून लिहितो. मुलगी अजून विचारते, “बाबा, गाडीत आई काही बोलली का?” मी सांगतो, ती झोपली होती. ती झोपली नव्हती. कळंबजवळ माझी बाही धरून ती म्हणाली, “अहो, घरी चला ना. मले नाही जायचं तिकडं.” मी तिच्याकडे पाहिले नाही. ड्रायव्हरला म्हणालो, जरा वेगाने घ्या.